दादाची टेप

ते १९७४ साल. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, शिलाईचं दुकान तेव्हा चांगलं चालत होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दादा कापड कापायचा, वहिनी मशीनवर बसायची, काजं-बटणं माझ्याकडे. दुपारी दुकान बंद ठेवायची पद्धत नव्हती. ज्याला सवड होईल त्याने वर जाऊन झाकलेलं जेवण वाढून घ्यायचं. सगळे एकत्र जेवायला बसलो, असं क्वचितच व्हायचं.

दादाची मुलगी पंधरा वर्षांची. लहानपणापासून सगळे तिला ढब्बू म्हणायचे. शिवलेले नमुने दादा तिच्या अंगावर घालून बघायचा. त्या वर्षी ती बारीक झाली. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय चापूनचोपून बसतो हो कपडा हिला!" वहिनीला बरं वाटायचं.

मी विचारलं, जेवलीस का, तर म्हणायची, "आईबरोबर जेवले." वहिनीला सांगायची, "आत्याबरोबर." दोघींनाही ते खरं वाटायचं.

एकदा दादाने नव्या नमुन्यासाठी तिची कंबर मोजली. पुन्हा मोजली. घरच्यांची मापं त्याला तोंडपाठ होती.

"टेप गेली कामातून," तो म्हणाला. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते आणि माप कमी दाखवते. त्याने ती फेकून नवी आणली. थोड्या दिवसांनी नव्या टेपवर माप आणखी कमी आलं.

"हल्ली मालच रद्दी येतो," दादा चिडला.

"मग त्या दुकानदाराच्या तोंडावर मारून या," वहिनी मशीन न थांबवता म्हणाली.

परत करण्याआधी दादाने टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिली. इंचाला इंच जुळत होता. तो बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने ढब्बूला हाक मारली.

"आज कुणाबरोबर जेवलीस?"

"आईबरोबर."

मशीन थांबलं. "माझ्याबरोबर? मी अजून वर गेलेच नाहीये."

"मग आत्याबरोबर असेन."

"असेन म्हणजे काय गं?" मी म्हणाले.

ती टेबलावरच्या चिंध्या गोळा करू लागली. मग दादाला म्हणाली, "बाबा, माप वाढलं तर नमुन्याला दुसरी मुलगी बघाल ना?"

 दादाने शटर ओढलं आणि आम्ही चौघं वर गेलो. ढब्बूने दोन घास खाल्ले, बाकीचं ताटात इकडून तिकडे केलं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा हट्ट नाही, आजार आहे. रागावू नका आणि एकटीला जेवायला सोडू नका." इस्पितळात ठेवावं लागलं, तेही दोनदा.

त्यानंतर दुकान दुपारी बंद राहू लागलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटली. नमुने लाकडी पुतळ्यावर चढू लागले. दादा म्हातारपणापर्यंत कापत राहिला आणि झोपेतच गेला. वहिनी लेकीकडे राहायची, तिथेच वारली. माझी नजर अधू झाली, तेव्हा सुई सुटली.

ढब्बूला आता आम्ही तिच्या नावाने हाक मारतो. ती नकाशे काढायच्या कचेरीत लागली, संसार केला, नातवंडं झाली. प्रकृती चांगली आहे. फक्त कुणी ताटाकडे बघितलं की अजून तिचा हात थांबतो. म्हणून तिच्या घरी आम्ही जेवताना खिडकीबाहेरच्या रहदारीबद्दल बोलतो.