केकवरचा घोडा

ऊन उतरायला लागलं तरी केकचा मधला भाग ओला तो ओलाच. मी पातेल्यावरच्या झाकणातले निखारे फुंकत होते आणि फुंकरीगणिक खिडकीतून सूर्याकडे पाहत होते. आमच्या जैनांच्या घरात दिवस बुडाल्यावर कुणी घास तोंडात घालत नाही. सूर्य मावळायच्या आत केक झाला नाही, तर प्रेमला उपाशीच सासरी जाणार होती.

प्रेमला माझी नणंद. लग्न होऊन वर्ष झालं होतं, उद्या सकाळी ती नांदायला निघणार होती, आणि तेही पार हुबळीच्या पलीकडे. कालपासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती पुढच्या सोप्यात खांबाला टेकून बसली होती, आणि तिच्याकडे पाहून माझंच काळीज तुटत होतं.

निपाणीच्या या घरात आमची गट्टी जमली ती एका कादंबरीमुळं. मी ती बेळगावहून, माहेराहून, लुगड्याच्या घडीत लपवून आणली होती. सात तटांचा किल्ला, आत कोंडलेली राजकन्या आणि तिला पाठीवर घेऊन उडणारा पंखांचा घोडा. माडीवर तंबाखूच्या बोदांआड, त्या थोराड गठ्ठ्यांमागं बसून आम्ही ती इतकी वाचली, की पानं सुटी झाली. "वहिनी, ह्यो किल्ला खायाला मिळाला तर मी एकटी संपवीन," असं ती एकदा म्हणाली होती.

तेवढंच धरून मी केकचा किल्ला करायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. केक मी जन्मात एकदाच पाहिला होता, बेळगावच्या कॅम्पातल्या बेकरीच्या काचेतून. आमच्यात अंडं चालत नाही, म्हणून रवा, ताजं दही आणि चिमूटभर सोडा.

अखेर खुपसलेली काडी बऱ्यापैकी कोरडी निघाली. केक निवायला वेळ कुठला? गरमागरम केकवरच साखरेचे तट उभे केले, त्यातला एक लगेच कलला. मधोमध काजू आणि साखर मळून घडवलेला घोडा ठेवला. ताठ मान, पसरलेले पंख, डोळ्यांना मिरी. ताट घेऊन सोप्यात आले तेव्हा ऊन समोरच्या कौलांवर चढलं होतं.

प्रेमलानं मान वर केली.

"घोडा," ती म्हणाली. कालपासूनचा तिचा पहिला शब्द. मी सुरी तिच्या हातात दिली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "ह्यो कोण कापायचा?"

त्यांची नजर घोड्यावर होती. पिठाचा कोंबडा कापलेल्या राजाला ते पाप जन्मोजन्मी फेडावं लागलं, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. आकार जीवाचा असला, की तो कापणं म्हणजे मनानं जीव घेणंच. म्हणून तर बाजारातले साखरेचे हत्ती-पोपट आमच्या घरात येत नाहीत. आणि मी मूर्ख, हा पुस्तकातला म्हणून त्याला जीवात धरलंच नव्हतं.

"अगं, पंखाचा घोडा जगात न्हाय," सासरे समजुतीनं म्हणाले. "जे न्हाईच, त्येची हिंसा कशी हुईल?"

"पिठाचा कोंबडा तरी कुठं आरवत हुता?" सासूबाईंनी उलट विचारलं.

कौलांवरचं ऊन आढ्यापाशी जाऊन ठेपलं. प्रेमलानं सुरी खाली ठेवली. मला वाटलं, ताट घेऊन विहिरीत उडी मारावी.

सासूबाई उठल्या. त्यांनी दोन्ही हातांनी घोडा अलगद उचलला आणि लेकीच्या पदरात ठेवला.

"ह्येला खायाचं न्हाय, बरोबर न्यायाचं. आता किल्ला खा, दिवस हाय तवर."

प्रेमलानं कललेला तट मोडून तोंडात घातला, मग दुसरा. खाता खाता ती रडायला लागली, पण थांबली नाही. मधला कच्चा भागसुद्धा तिनं सोडला नाही.

सकाळी ती मोटारीत बसली तेव्हा घोडा रुमालात बांधून मांडीवर घेतला होता. धुरळा बसला तरी सासूबाई दारातून हलेनात. त्यांना अक्षरओळख नव्हती, आमच्या पुस्तकाला त्या 'खूळ' म्हणायच्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"चंदना, पुस्तकात त्यो घोडा तिला परत आणतो व्हय गं?"

शेवटचं पान मला तोंडपाठ होतं. राजकन्या वळूनसुद्धा पाहत नाही.

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "आणतो."