मांजरीच्या गाण्याची चाल

ती लहान मुलांच्या गाण्यांना चाली लावायची. कंपनी तीन खोल्यांची. एकीत चित्रं काढणारे, एकीत रेकॉर्डिंग आणि तिसरीत साहेब. सोमवारी साहेबांनी मांजरीच्या गाण्याचे शब्द तिच्यापुढे ठेवले.

"शुक्रवारपर्यंत चाल हवी. त्या टोपीवाल्या कुत्र्याला मागं टाकायचंय."

टोपीवाला कुत्रा दुसऱ्या कंपनीचा. त्याची टोपी वाऱ्यानं उडते आणि तो तिच्यामागे धावतो, एवढंच ते गाणं. पण घरोघरी तेच चालू. तिच्याही घरी. तिची तीन वर्षांची लेक त्या कुत्र्याशिवाय तोंडच उघडत नसे. सकाळी दुधाबरोबर चार वेळा, दुपारी आजी भरवायची तेव्हा तर मोजदादच नाही. संध्याकाळी ती कामावरून येऊन दारात चपला काढत असायची आणि आतून यायचं, "टोपी गेली, भू भू भू."

मंगळवारी तिनं चाल बसवली आणि पेटीवर साहेबांना ऐकवली. साहेब डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या ओळीला तेही गुणगुणायला लागले, "टोपी गेली..."

"बसतंय बघ अगदी. चाल तीच आहे."

तिला पटेना. तिनं पुन्हा वाजवून पाहिली. तीच होती.

बुधवारी तिनं ताल बदलला, लय निम्म्यावर आणली. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून सगळं ऐकून म्हणाला, "ताई, हा कुत्रा जरा दमलेला वाटतोय."

त्या संध्याकाळी ती घरी आली ती धुमसतच.

"आई, दोन दिवस ते गाणं बंद ठेवू या," ती सासूबाईंना म्हणाली. "माझ्या डोक्यातून जातच नाही ते."

"ठेव की. पण मग भरवायचं तू."

तिनं फोन कपाटात टाकला आणि वाटी घेऊन बसली. लेकीनं पहिला घास गालात धरला तो धरलाच. गोष्ट सांगून झाली, चिमणी-कावळा झाला, शेवटी डोळे वटारून झाले. पाऊण तासानं लेकीनं तो घास तिच्याच कुडत्यावर काढला.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "दहा वर्षं गाणं शिकलीस ना? मग तूच म्हण काहीतरी," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिलाही ते पटलं. तिनं डोळे मिटले आणि सुचेल ते गुणगुणायला लागली. तिसऱ्या ओळीला लेकीचा चेहरा खुलला. टाळ्या पिटत ती म्हणाली, "टोपी!" आणि तिनं आ केला.

आता थांबणार कसं? वाटी रिकामी होईपर्यंत ती भू भू करत राहिली. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिली.

गुरुवारी तिनं रेकॉर्डिंगच्या खोलीला आतून कडी लावली. तीन सूर एकापुढे एक ठेवले की तिसऱ्यावर कुत्रा हजर. म्हणून तिनं दोनच ठेवले. मांजर दोन सुरांत चालते, दोन सुरांत दूध पिते आणि त्याच दोन सुरांत झोपते. दहा वर्षांच्या रियाजाचं हे फळ, असं तिच्या मनात आलं.

शुक्रवारी साहेबांनी चाल ऐकली. गुणगुणायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

"वेगळी आहे खरी. पण डोक्यात राहत नाही."

"तेवढ्यासाठीच केलीय," ती म्हणाली. दुसरी चाल मागितलीत तर मी घरी बसेन, हेही ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

वेळ नव्हता, म्हणून तीच चाल गेली. गाणं आलं आणि कुणी फारसं ऐकलं नाही. महिन्याच्या बैठकीत साहेब सगळ्यांना म्हणाले की मांजरी चालत नाहीत, यापुढे मांजरी नकोत. चित्रं काढणाऱ्यांनी माना डोलावल्या. मांजरीचा यात काही दोष नाही, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. तिनंही मान डोलावली.