आधी विचारलेला प्रश्न

पगारे सरांचा प्रश्न बंद झाला तेव्हा ते चहात पाव बुडवत होते. पाव चहातच राहिला.

स्क्रीनवर, इंटरनेटवरच्या प्रश्नोत्तरांच्या फोरमवर, त्यांच्या प्रश्नाच्या डोक्यावर एक राखाडी पट्टी आली होती. मजकूर इंग्रजी होता आणि त्याचा अर्थ असा: हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, त्याला उत्तर मिळालेलं आहे, खालच्या लिंकवर वाचावं, नवी उत्तरं घेतली जाणार नाहीत. ज्यानं बंद केला त्याच्या नावाच्या जागी काही अक्षरं न् आकडे होते आणि फोटोच्या जागी एक मांजर.

"काय झालं हो?" लताबाईंनी आतून विचारलं.

"मांजरानं प्रश्न बंद केला माझा."

लताबाईंनी आधी खिडकी लावली. मग बाहेर येऊन नवऱ्याकडे पाहिलं आणि चहातला पाव चमच्यानं काढला.

मल्हारी पगारे म्हणजे जेल रोडच्या शाळेतले गणिताचे सर. आता निवृत्त. आख्खी नोकरी त्यांनी एका तत्त्वावर काढली: सर एकदा समजावणार. दुसऱ्यांदा कुणी तेच विचारलं की म्हणायचे, "मागच्या तासाला कुठं होतास?" त्या धाकानं कित्येक मुलांनी दहावीपर्यंत काहीच विचारलं नाही. त्यातली बरीचशी पुढं मोठ्या पदांवर गेली. न विचारण्याची सवय नोकरीत फार उपयोगी पडते.

अशा माणसाला जगातल्या कुठल्याशा मांजरानं 'हे आधी झालंय' म्हणावं, हे सोसणारं नव्हतं.

प्रश्न तसा साधा होता: फुटलेला व्हिडिओ पुन्हा स्पष्ट करता येतो का? आईला, धोंडाबाईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर तिचा व्हिडिओ दाखवायचा, असं सरांनी ठरवलं होतं आणि पत्रिकेत छापूनही टाकलं होतं. व्हिडिओ एकच होता. शेवटचे काही महिने आई नामपूरला लेकीकडे, म्हणजे सरांच्या धाकट्या बहिणीकडे होती. या लंकाबाईनंच तो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोनवर आई आईसारखी दिसायची. टीव्हीला लावला की आईचे चौकोन व्हायचे. डोळे कुठले न् चष्मा कुठला, पत्ता लागायचा नाही. आवाज मात्र खणखणीत. आई म्हणत होती, "मल्हारीला कशाला बोलावतेस गं? मल्हारी हा काय, इथंच तर हाये." आणि हात करून मागं भिंतीकडं दाखवत होती. भिंतीवर एक काळपट डाग होता. बाकी काही नाही.

त्या महिन्यांत सर नामपूरला गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ. गुडघा धरतो. एसटीला गर्दी असते. भेटायला येणाऱ्यांना ते सांगायचे, "शेवटी शेवटी आईला भास व्हायचे हो. मी शेजारी बसलोय असं वाटायचं तिला." लोक म्हणायचे, "लेकावर जीव होता." सर मान हलवायचे आणि कांद्याचा भाव विचारायचे.

पण रात्रंदिवस एकच घोळत राहायचं. आईचे डोळे एकदा नीट दिसले पाहिजेत. ती भ्रमात बोलत होती, की शुद्धीत राहून मला टोमणा मारत होती? रिझोल्यूशन वाढलं की कळेल.

मांजरानं दिलेली लिंक सरांनी उघडली. पहिलंच वाक्य होतं: 'नाही. जो तपशील गेला तो गेला.' सरांनी लिंक तिथंच मिटली आणि फोरमच्या तक्रारींच्या दालनात फेरविचाराचा अर्ज टाकला. इंग्रजी अर्जाचं होतं, 'सविनय सादर'पासून सुरू होणारं. मुद्दा असा की आधीचा प्रश्न कुणाच्या तरी क्रिकेट मॅचबद्दल आहे, माझा आईबद्दल आहे. सबब दोन्ही प्रश्न एक नाहीत.

मांजर म्हणालं, 'आधीचं उत्तर शेवटपर्यंत वाचलंत का?'

सरांनी लिहिलं, 'मी शिक्षक होतो.' त्यांच्या मते हे उत्तर पुरेसं होतं.

मग फिनलंडचा कुणी मध्ये पडला. म्हणाला, 'व्हिडिओ आकाशातून पडत नाहीत. ज्यानं काढला त्याच्याकडं मूळ फाइल असेल. त्याला विचारा ना.'

सरांचा पारा चढला. त्यांनी टाइप केलं: 'हा व्हिडिओ खेड्यातल्या एका अशिक्षित बाईनं काढलेला आहे. तिला या विषयातलं काहीही कळत नाही. तिला विचारून उपयोग नाही.'

लंकाबाई सातवी पास होती. पण इंग्रजीत वाक्य झकास बसलं होतं, ते मोडायचं सरांच्या जिवावर आलं.

"एवढं काय लिहिलंत?" लताबाईंनी विचारलं.

"वस्तुस्थिती."

"अगं बाई. मग भांडण वाढणार."

भांडण वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. लंकाबाईचा मुलगा राकेश, कंप्युटरच्या कंपनीत.

"मामा, जय भीम."

"जय भीम. बोल."

"मामा, तो फोरम आहे ना, माझं पोट त्याच्यावर चालतं. कामात अडलं की तिथंच बघतो. आज उघडला तर तुमचं नाव. फोटोसकट."

सरांनी खरं नाव आणि खरा फोटो टाकला होता. ते मांजर नव्हते.

"हां, म्हणजे तो जरा तात्त्विक वाद..."

"'इल्लिटरेट' वाचलं मी. आईला नाही सांगितलं. इतकंच बोललो की मामांनी इंग्रजीत तुझ्या व्हिडिओबद्दल लिहिलंय. फक्त एक करा मामा. आपला फॅमिली ग्रुप उघडा आणि आजी गेल्यानंतरचं वाचा."

'धोंडाबाई परिवार' हा ग्रुप सरांनीच काढला होता. अ‍ॅडमिनही तेच. सर वर वर गेले. लंकाबाईचे आवाजी निरोप होते, एकाखाली एक. तेव्हा ऐकायला वेळ नव्हता, आता ऐकले.

"दादा, आईचा व्हिडिओ पाठवला ना, तो बारीक होऊन गेला रे. माझ्या फोनात लय झाक दिसतो. तसाच्या तसा कसा पाठवू?"

त्याखाली सरांचा मजकूर: 'फोटो कसे पाठवावेत हे वर सांगितलेले आहे. तेच तेच विचारू नये.'

"फोटो नाय दादा. व्हिडिओ शे."

'सर्वांनी वर पाहावे.'

आणि त्याच्याखाली एक राखाडी पट्टी. मल्हारी पगारे यांनी सेटिंग बदलले, आता फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात. तशीच पट्टी, तोच रंग. मांजराच्या जागी फक्त सरांचा कोटातला फोटो होता.

सरांनी फोन पालथा ठेवला. मग लॅपटॉप उघडून मांजराची लिंक शेवटपर्यंत वाचली. शेवटची ओळ होती: 'आधी ज्यानं व्हिडिओ काढला त्याला विचारा. बहुतेक वेळा तो द्यायला तयारच असतो.'

राकेश म्हणाला होता, आईच्या फोनातला मूळ व्हिडिओ मी इथून बसून मागवून देतो. सर म्हणाले, नको. सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून ते सटाण्यावरून नामपूरला जाणाऱ्या एसटीत बसले. गर्दी नव्हती.

लंकाबाई ओट्यावर शेजारच्या भागीबाईबरोबर कांदा निवडत होती.

"दादा? फोन तरी करायचा! पाव्हण्यावानी उभा काय राह्यला, बस ना." तिनं गोणपाट झटकून दिलं. पाणी आणलं. आणि सरांनी तांब्या खाली ठेवायच्या आत म्हणाली, "राकेश म्हने, तू इंग्रजीत लिवलं माझ्याविषयी. वाच ना. मराठीत करून वाच, भागीला पण कळू दे."

मराठीत करायला सरांना आयुष्यात कधी अडचण आली नव्हती. त्यांनी फोन काढला. वाक्य होतं तिथंच होतं.

"ज्या बाईनं हा व्हिडिओ काढला..." सर थांबले.

"म्हंजे मी."

"ती... माझी बहीण आहे. तिला या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं." सरांनी फोन जरा तिरका धरला. "तिला विचारल्याशिवाय उपयोग नाही."

लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग डोळे पुसले. मग भागीबाईला कोपरानं ढोसलं. "ऐकलं का? जगात वाचतेत ते."

"मंग! मास्तर हाये तुझा भाऊ," भागीबाई म्हणाली. "खोटं लिवल का?"

सरांनी उरलेलं पाणी एका घोटात संपवलं.

"राकेशला का नाही विचारलंस गं? त्यानं मिनिटात पाठवला असता."

"त्याला कामं राहतात. आन् तू म्हनला ना, वर पाहावे. म्हनलं दादा म्हनतो तर असंल कुठं तरी. लय वर गेले मी. पार चांदवडच्या लग्नाच्या फोटोंपर्यंत गेले. नाय सापडलं." ती हसली. "फोन रोज म्हने, भरला भरला, काहीतरी पुसा. राजचे फोटो पुसले, नातवाचे. तो काय, परत काढता येतो. आईला हात नाय लावला."

तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

आई दिसली. हनुवटीवरचं गोंदण दिसलं, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा दिसला. डोळे दिसले. त्या डोळ्यांत भ्रम नव्हता. पोर चोरून गूळ खाताना सापडलं की व्हायचे तसे ते झाले होते, आत हसणारे. "मल्हारीला कशाला बोलावतेस गं? मल्हारी हा काय, इथंच तर हाये." हात मागं गेला. भिंतीवर डाग नव्हता. तिथं चौकट होती, आणि चौकटीत सर. तालुक्याच्या सत्कारात, गळ्यात शाल, बोट वर केलेलं.

सर उठून आत गेले. चौकट भिंतीवरच होती. काच स्वच्छ. कडेला एका जागी हात लागून लागून रंग गेला होता.

"आई रोज पुसायची," बाहेरून लंकाबाई म्हणाली. "म्हनायची, हा बोलत नाय, पन बसतो तरी."

परतीच्या एसटीत सरांनी दोन कामं केली. ग्रुप सगळ्यांना खुला केला. कुणीच काही लिहिलं नाही; लोकांना सवय लागली होती. दुसरं, फोरमवर जाऊन ते वाक्य खोडलं आणि ओट्यावर वाचून दाखवलेलं, तेच, शब्दाला शब्द, इंग्रजीत लिहिलं. म्हणजे निदान यापुढं तरी ते खरं व्हावं. सटाणा यायच्या आत मांजरानं ते काढून टाकलं. कारण दिलं, 'प्रश्नाशी संबंध नाही.' जुनं वाक्य मात्र जगात राहिलं, कारण फिनलंडवाल्यानं आपल्या उत्तरात ते अवतरणात घेऊन ठेवलं होतं. सरांनी या खेपेला फेरविचार मागितला नाही.

पुण्यानुमोदनाला हॉल भरला. राकेश पडद्यासमोर वाकून वायर जोडत होता. सर जवळ गेले. त्यानं मान वर न करता म्हटलं, "मामा, आईनं सांगितलं मला तुम्ही काय वाचून दाखवलं ते. पाठ केलंय तिनं. भाषांतर छान करता तुम्ही."

सरांना काहीतरी बोलायचं होतं. राकेशनं दिवे घालवले.

आई पडद्यावर आली. तिचा एकेक केस मोजून घ्यावा इतकी स्पष्ट. मागं सर, दाराएवढे, बोट वर करून. आईनं हात केला तसा आख्खा हॉल आधी त्या चौकटीकडं आणि मग वळून पहिल्या रांगेकडं बघू लागला. भासाची गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली होती, ते सगळे आले होते.

"भास म्हणे," लताबाई हळूच म्हणाल्या. आणि त्यांनी शेजारी नवऱ्याकडं पाहिलं.

सरांनी चष्मा काढला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं, तरी पुसत राहिले. तेवढा वेळ पडदा चौकोन चौकोन होता, आणि ते बरं वाटत होतं.

दुसऱ्या बाजूनं लंकाबाई त्यांच्या कानाशी वाकली. काळजीनं विचारलं, "दादा, आता नीट दिसतं ना?"

सरांनी चष्मा घातला.

"दिसतं," ते म्हणाले.