दुसऱ्या पानावरचं लग्न

भाचीचं लग्न ऑनलाइन ठरलं आणि पाहुण्यांना स्क्रीनवर बसवायचं काम मामांच्या गळ्यात पडलं. एका पानावर पंचवीसच चौकोन मावत होते, बाकीचे मागच्या पानावर जाणार होते. रंगीत तालमीतच ठिणगी पडली.

"मी सख्खी आत्या, आणि मला दुसऱ्या पानावर ढकलता?" आत्याबाई कडाडल्या.

मामांनी त्यांना पुढे घेतलं, तर नवऱ्याकडचे थोरले काका मागे गेले. "आम्ही काय वाटेवर पडलोय?" म्हणत त्यांनी कॅमेराच बंद केला. एकाची समजूत काढावी तोवर दुसरा फुगून बसे. मामांना घाम फुटला.

शेवटी भाचीच म्हणाली, "मामा, आम्हा दोघांना टाक मागे. आमचं कुठे मानावाचून अडलंय?"

मामांनी कपाळाला हात लावला, पण दुसरी वाट नव्हती. लग्नाच्या दिवशी पहिल्या पानावर सगळे मानकरी दाटीवाटीने बसले आणि एकमेकांच्या साड्या, पडदे, टकलं न्याहाळत रमले. मागच्या पानावर नवरा-नवरी, लग्न लावणारे अधिकारी आणि सोबतीला एकटे मामा होते. भाचीने "मान्य आहे" म्हटलं तेव्हा मामांचे डोळे भरून आले. इतक्या शांततेत लागलेलं लग्न त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"अहो, नवरा-नवरी कधी येणार?" आत्याबाईंनी विचारलं.

"लग्न लागलंसुद्धा," मामा म्हणाले.

"अगंबाई! छानच झालं हो," आत्याबाई म्हणाल्या, "कुणाचा रुसवा नाही, फुगवा नाही."