तांदळात पुरलेला फोन

मुलांचा फोन काढून घेतलात की तुम्ही तो कुठे ठेवता? धारवाडला सप्तापुरात शकुंतलाबाईंच्या घरी तो माझ्या पोटात ठेवतात. मी त्यांचा तांदळाचा डबा बोलतोय.

लग्नात त्यांच्या आईनं मला दिलं. अंगावर कोरलेलं नाव घासून घासून पुसट झालंय. तांदूळ आणि कडुलिंबाचा पाला, एवढंच माझं जग होतं. मागच्या वर्षी स्मृतीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, फोन बादलीत पडला. कुणीतरी म्हणालं, तांदळात ठेवा. ठेवला, आणि चालू झाला की! तेव्हापासून शकुंतलाबाईंचा माझ्यावर भारी भरवसा. फोन भिजो की पोरगी बिघडो, औषध एकच.

यंदा स्मृती दहावीत. गणितात मार्क घसरले आणि फोन पुन्हा माझ्यात आला. आवाज बंद केला होता, पण थरथर थांबते थोडीच? मेसेज आला की तांदूळ शहारायचे.

"बंद डब्यातसुद्धा हिच्या मैत्रिणींना चैन नाही बघा," शकुंतलाबाई म्हणायच्या.

"मैत्रिणी कसल्या? सासरची माणसं असतील," स्मृतीचे अप्पा हसायचे.

मला हसू येत नव्हतं. फोन उजळला की मी वाचत होतो. रवी नावाचा कुणी होता, हुबळीला कॉलेजात शिकतो म्हणायचा. स्मृतीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण फोन माझ्यात येण्याआधी रोज गप्पा मारता मारता एक दिवस तिनं शेजारच्या मायाच्या घरातली गोष्ट लिहून टाकली. मायाचे वडील पिऊन येतात. मायानं ते विश्वासानं हिला एकटीला सांगितलं होतं. तेव्हापासूनच रवी तिला धमकावत होता, आणि आता पुन्हा पुन्हा लिहीत होता, "तुझा एकटीचा फोटो पाठव. नाहीतर हे मायाला आणि तुझ्या ट्यूशनच्या सगळ्यांना पाठवतो."

स्मृती स्वयंपाकघरात यायची. माझ्याकडे बघायची.

"आई, एक सांगू?"

शकुंतलाबाई ताटात तांदूळ निवडत असायच्या. "फोन सोडून काहीही सांग."

पोरगी तशीच मागे फिरायची. मी साधा डबा. माझं झाकण वाजवलं असतं, तरी कुणाला कळणार होतं?

मग एका संध्याकाळी शकुंतलाबाईंनी तांदूळ घ्यायला हात घातला आणि फोन त्यांच्या बोटांना लागून थरथरला. पडद्यावर रवीचा मेसेज होता, "पाठवलं. आता बघ." त्यांनी वरपासून सगळं वाचलं.

"स्मृती! हे काय गं? आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर फोन काढून घेतला असतास."

"तो तर घेतलाच होता!"

"आणि फोनचं नावसुद्धा काढू देत नव्हतीस. आज ट्यूशनला सगळ्यांनी वाचलं, आई. माया मधेच उठून गेली."

शकुंतलाबाईंच्या मुठीतले तांदूळ परत माझ्यात सांडले.

"ओरडू नको तिच्यावर, शकू," अप्पा हळूच म्हणाले. त्यांच्या थट्टेतलं सगळं हसू गेलं होतं. मग शकुंतलाबाई लेकीजवळ खाली बसल्या. "आणखी काय काय पाठवलंस? सांग, मी रागावत नाही." हेच वाक्य आठ दिवस आधी यायला हवं होतं.

माझ्यात भिजलेला फोन सुकतो. पोरांच्या मनातली भीती नाही सुकत, आतच कुजते. फोन काढून घ्यायचा तर घ्या, पण पोर बोलायला आलं की हातातलं ताट बाजूला ठेवा, एवढंच मागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा फोन घेऊन पोलिसांकडे गेले. शकुंतलाबाई स्मृतीला घेऊन मायाच्या घरी गेल्या. दार तिच्या आईनं उघडलं. माया बाहेर आली नाही.