काटेकोरांटीला पाणी घालू नका

मी काटेकोरांटी बोलतेय. जरा अंतर ठेवूनच ऐका, काटे आहेत. प्रत्येक पानाच्या बगलेत तीन-चार टोकदार काटे आणि हिवाळ्यात त्यांच्याच शेजारी केशरट पिवळी फुलं, असा माझा संसार आहे. पुण्यातली बहुतेक माणसं मला नावानं ओळखत नाहीत. ओढणी अडकली की मात्र थांबून नीट बघतात.

माझा जन्म टेकडीवरचा. दोन दगडांच्या फटीत बोटभर मुरूम होता, तेवढ्यात मी रुजले. खाली खडक, वर ऊन. आठ महिने पाणी नसायचं, आणि मला ते लागायचंही नाही. तिथे मला एकच नाद होता, माणसं बघण्याचा. रोज सकाळी ती धापा टाकत वर यायची, हात गोल गोल फिरवायची आणि आली तशी खाली जायची. वर काही विसरलं होतं का, काही शोधत होती का, मला कधी कळलं नाही.

त्यातली काही माणसं पाण्याचे कॅन घेऊन यायची. टेकडीवर त्यांनी रोपं लावली होती, एकेकानं वाटून घेतलेली. पाच लिटर पाणी खांद्यावर घेऊन सत्तरीचा माणूस चढ चढतो आणि ते सगळं एका काडीएवढ्या रोपाच्या बुडाशी ओततो, हे बघून मला नवल वाटायचं. आपल्यासाठी कोणी असं करावं असंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. पुढे ती हौस पुरेपूर भागली.

एके रविवारी त्या मंडळींनी रोपांची आळी साफ करायला घेतली. मी एका रोपाच्या फार जवळ होते. हातमोजे घातलेल्या एका गृहस्थांनी "हे तण आधी काढा" म्हणत मला मुळासकट उपटलं आणि गवताच्या ढिगावर टाकलं. ज्या रोपासाठी मला उपटलं ते परदेशी होतं आणि मी इथली, पण ते त्यांना कोण सांगणार?

ढिगाशेजारच्या दगडावर एक माणूस गावाकडे फोनवर बोलत बसला होता. मला बघून तो फोनमध्येच म्हणाला, "अवो, थांबा जरा. इथं कोरांटी हाय." त्यानं मला उचललं, काट्यांची पर्वा न करता. पुण्यात मला कोणी नावानं हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा.

हा बद्रीनाथ. वाशीमकडचा, कर्वेनगरच्या एका सोसायटीत वॉचमन. गेटजवळच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको मुक्ताई राहायचे. मुक्ताई त्याच सोसायटीतल्या चार घरी पोळ्या करायची. म्हणजे त्याची नोकरी, तिची कामं आणि दोघांचं छप्पर, सगळं त्या एका गेटाला बांधलेलं होतं.

सोसायटीच्या मागच्या अंगाला, पार्किंगला लागून, एक लांबट उतार आहे. दर पावसाळ्यात तिथे वृक्षारोपण व्हायचं. अकरा रोपं, अकरा खड्डे आणि एक फोटो. शिमग्यापर्यंत अकराही वाळायची, आणि दर वर्षी एकच निष्कर्ष निघायचा: वॉचमननं पाणी घातलं नाही. मी आले त्या वर्षी सेक्रेटरी सलिलनं बद्रीनाथला ऑफिसात बोलावून घेतलं. त्या ऑफिसची खिडकी उतारावरच उघडते, म्हणून मला ऐकू आलं.

"काका, दर वर्षी सेमच होतंय. या वेळी रोपं गेली ना, तर एप्रिलच्या मिटिंगमध्ये एजन्सीला सांगून माणूस बदलायचा असं कमिटीचं म्हणणं आहे. पर्सनली घेऊ नका."

बद्रीनाथ "हो सर" म्हणाला. तो रोज पाइप लावत होता हे मी डोळ्यांनी बघत होते. पण त्या खड्ड्यांखाली वीतभर मातीनंतर काय होतं, हे मला मुळांनी कळलं होतं आणि त्याला पहारीनं. त्यानं एकदा सांगून पाहिलं, तर उत्तर मिळालं की कारणं नकोत.

मला त्यानं मी आले त्याच दिवशी उताराच्या टोकाला, कोणाला न विचारता, लावलं होतं. माझ्या चार फांद्या तोडून त्याही शेजारी खोचल्या होत्या. पाणी घातलं ते फक्त पहिले काही दिवस. त्यानंतर त्यानं माझ्याकडे नुसतं बघायचं, आणि मी त्याच्याकडे. आमचं छान जमलं. दसऱ्याच्या सुमारास मला पहिलं फूल आलं तेव्हा मुक्ताई मुद्दाम येऊन बघून गेली.

फुलं आली आणि सुहासिनीबाईंचं लक्ष गेलं.

सुहासिनीबाई तळमजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त. बागेचं काम गेली सात वर्षं त्यांच्याकडे आहे, कारण दुसरं कोणी घेत नाही. बोलणं कमी, आणि जेवढं आहे तेवढं सरळ तोंडावर. त्यांनी चष्मा वर करून मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो बद्रीनाथ, हे आपण लावलंय की आपोआप आलंय?"

"मीच लावलं, मॅडम."

"काटे आहेत."

"हो. पर याले शेळी बी तोंड लावत नाही."

"आपल्या सोसायटीत शेळ्या नाहीत," एवढं बोलून बाई गेल्या. मला मात्र उपटायला सांगितलं नाही.

या बाईंचं मला फार कुतूहल होतं. त्या तोंडानं कोरड्या आणि हातानं ओल्या. पोस्टमन आला, पाणी. गॅसवाला आला, पाणी. भर उन्हात पत्ता विचारायला कोणी आला तर आधी पाण्याचा तांब्या, मग त्याचा पत्ता कसा चुकला आहे यावर दोन वाक्यं. दारात आलेल्याला पाणी न विचारणं त्यांना जमायचंच नाही. पाणी कोणाला नको असू शकतं, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

फेब्रुवारीच्या शेवटी बद्रीनाथला भाचीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी जायचं होतं. तोवर अकरापैकी नऊ रोपं गेली होती. जाताना तो बाईंकडे आला. "मॅडम, तेवढं कोरांटीले पाणी टाकू नोका. आमच्याकडे हे धुऱ्यावर रायते, बांधावर. त्याले कोणी पाहत बी नाही."

बाईंनी मान हलवली. पण तो फाटकाबाहेर पडल्यावर मुक्ताईच्या जागी पोळ्या करायला आलेल्या बाईला म्हणाल्या, "पाणी घालू नका म्हणणारा माळी मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मिटिंग तोंडावर आली आहे. निदान हे एक तरी हिरवं राहिलं, तर त्या माणसाच्या बाजूनं बोलता येईल."

आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

त्यांनी नर्सरीतून काळ्या मातीची दोन पोती मागवली, माझ्या मुळांवर पसरली, भोवती विटांचं आळं केलं आणि सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालायला लागल्या. पहिले दोन दिवस मजा वाटली. टेकडीवर असताना मनात आलेली हौस आठवली. चौथ्या दिवशी मुळांना श्वास घेता येईना. माती थंड, चिकट, कायम ओली. आठव्या दिवशी माझी खालची पानं पिवळी पडली.

बाईंनी पिवळी पानं पाहिली आणि त्यांना वाटलं, तहान लागली. त्या दुपारचंही पाणी घालायला लागल्या. उन्हात उभं राहून, पदर डोक्यावर घेऊन, गुडघे दुखत असताना. मी मरत होते आणि माझ्याशी इतकं प्रेमानं त्याआधी कोणी वागलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, पुरे. झाडाला तोंड नसतं याचं मला तेवढंच एकदा दुःख झालं.

बद्रीनाथ परतला तो पिशवी खांद्याला असतानाच मागे आला. मला पाहून खाली बसला. विटा काढल्या, दोन्ही हातांनी चिखल उपसला, काटे टोचून बोटांतून रक्त आलं. माझी निम्मी मुळं काळी पडून सडली होती, ती त्यानं विळ्यानं छाटली, आणि वरच्या पिवळ्या फांद्याही. बाई खिडकीतून बघत होत्या. त्या बाहेर आल्या.

"मी रोज घालत होते हो. एक दिवस चुकवला नाही."

"म्हणूनच, मॅडम," बद्रीनाथ हळू म्हणाला.

"पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहानलंय."

"पान दोन्हीनं पिवळं पडते. तहानेनं बी अन् पाण्यानं बी. मातीत बोट घालून पाहा लागते."

बाईंनी वाकून, कष्टानं, त्या चिखलात बोट घातलं. "म्हणजे मीच मारलं म्हणायचं."

"मेलं नाही अजून," तो म्हणाला. त्यानं मला दोन दिवस सावलीत भिंतीवर ठेवलं, मग पुन्हा उतारावरच्या मुरमात, दगडाचे तुकडे घालून लावलं. माझ्या खोचलेल्या चार फांद्याही त्या चिखलातून काढून तशाच लावल्या, पण त्यांतली एकच जगली. त्यानंतर चाळीस दिवस पाण्याचा थेंब नाही. बाई रोज सकाळी पाण्याचा मग घेऊन यायच्या, मातीत बोट घालायच्या आणि तो तसाच भरलेला परत न्यायच्या. मला वाटतं, त्या बाईंनी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम ते असावं.

एप्रिलमध्ये मिटिंग झाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, माझ्यापासून दहा पावलांवर. बद्रीनाथ गेटपाशी उभा होता, मुक्ताई खोलीच्या दारात. सलिलनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "अकरा आउट ऑफ अकरा गेली. एजन्सीला मेल ड्राफ्ट केलाय. कोणाचं ऑब्जेक्शन?"

सुहासिनीबाई उठल्या. त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि सलिलच्या हातात दिली. "त्या तिसऱ्या खड्ड्यात मारा."

"काकू, आत्ता?"

"आत्ताच. मिटिंग चालू आहे तोवर."

सलिलनं पहार मारली. ठण्ण आवाज झाला आणि त्याचे हात झिणझिणले. बाईंनी चौथा, पाचवा आणि सहावा खड्डाही दाखवला. सगळीकडे तोच आवाज. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझ्या छाटलेल्या खोडावर पाच नवी पानं होती. फार नव्हती, पण त्या उतारावर तेवढंच हिरवं होतं, मी आणि माझी ती एक फांदी.

"हे बद्रीनाथनं लावलं. पाणी नाही, काही नाही. माझ्या हातून मरता मरता वाचलं, तेही त्याच्यामुळे. सात वर्षं खडकावर चुकीची झाडं मी निवडली आणि बोलणी यानं खाल्ली. चूक माझी आहे. मिनिट्समध्ये नावासकट लिहा."

मागून एक आजोबा म्हणाले, "सुहासिनीबाई चुकल्या, हे लिहिणारच असाल तर तारीखही घाला." लोक हसले. सलिलनं मोबाइलवरचा मेल पुसला. गेटपाशी बद्रीनाथनं टोपी काढून घाम पुसला आणि मुक्ताई आत जाऊन दार लावून रडली. मला ते त्यांच्या खोलीच्या पार्किंगकडच्या खिडकीतून ऐकू आलं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. यंदा वृक्षारोपण झालं नाही. बद्रीनाथनं माझ्या फांद्या उतारभर लावल्या आणि हिवाळाभर तिथे पिवळी फुलं होती. फुलपाखरं आली, आणि त्यांचे फोटो काढायला सलिल आला. माझी अर्धी मुळं कायमची गेली, मी पूर्वीएवढी दाट होणार नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

आज सकाळी बाई आल्या, हातात तोच मग. मातीत बोट घातलं, सवयीनं परत निघाल्या. तेवढ्यात बद्रीनाथ म्हणाला, "मॅडम, थांबा. आज टाका."

"कुठे?"

"मुळाशी नाही. वर. त्या वाळल्या बोंडायवर, थोडंसं."

बाईंनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. मग ओंजळीत पाणी घेऊन माझ्या वाळलेल्या बोंडांवर शिंपडलं. एक क्षण काही झालं नाही. मग टक्. मग टक्, टक्, टक्. भिजलेली बोंडं एकामागून एक तडकली आणि बिया चहूकडे उडाल्या. एक बाईंच्या चष्म्यावर आपटली. बाई दचकल्या, आणि मग हसल्या. इतक्या वर्षांत त्या उतारावर कोणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अजून घालू?" त्यांनी विचारलं.

"घाला की," बद्रीनाथ म्हणाला.

तुम्हालाही माझ्यासारखं कोणी भेटलं, टेकडीवर, कुंडीत किंवा घरात, तर घाई करू नका. आधी मातीत बोट घाला. बाईंना ते जमलं, तुम्हालाही जमेल. माझ्या बिया आता भिंतीपलीकडे गेल्या आहेत. पलीकडची सोसायटी त्यांना काय म्हणेल, तण की फूल, हे बघायला मी इथेच आहे.