नवापूरला थांबणारं इंजिन

मी एक इंजिन बोलतोय. घाबरू नका, रुळावरून बाजूला व्हायची गरज नाही. मी तळहातावर मावतो. रंगाने काळा, चाकं लाल, पुढचा एक दिवा फुटलेला. मला कोळसा लागत नाही की डिझेल लागत नाही. छोट्या रुळातून वीज येते, चाकांतून माझ्या पोटातल्या सुपारीएवढ्या मोटरीत जाते आणि मी चालू लागतो. म्हणजे चाक आणि रूळ यांच्यामध्ये काही येता कामा नये. एवढं एक लक्षात ठेवा, माझं सगळं दुःख त्यात आहे.

जन्म माझा जर्मनीतला. त्याचा तोरा मी पुष्कळ दिवस मिरवला. सुरतेत मला आणलं ते नानपुऱ्यातल्या एका पारशी बावाजींनी. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात एक भलंमोठं टेबल, त्यावर बोगदे, पूल, स्टेशनं आणि शेजारच्या कपाटात छोट्या रेल्वेची इंग्रजी मासिकं. बावाजी रविवारी टाय लावून आम्हाला चालवायचे. ते गेले आणि परदेशातून आलेल्या भाच्यांनी तीन दिवसांत घर रिकामं केलं. टेबल कुणी नेलं, गाड्या कुणी नेल्या. फुटक्या दिव्याचा म्हणून मी मागे राहिलो आणि मासिकांच्या खोक्यात पडून रद्दीबरोबर निघालो. इथे रद्दीला पस्ती म्हणतात. जर्मनीचा तोरा त्या दिवशी उतरला.

पस्तीचं दुकान भूपेंद्रभाईंचं. त्यांच्या दुकानाचं शटर अडकलं होतं आणि ते नीट करायला आला होता सुकलाल. उधन्याच्या लूम, म्हणजे यंत्रमाग, कारखान्यात फिटर, मूळचा नंदुरबारकडचा, बोलायला कमी. काम झाल्यावर हात पुसत तो खोक्याशी वाकला आणि एक मासिक उघडून बघतच राहिला. बर्फाच्या डोंगरातून एक इवलीशी लाल गाडी येत होती, आणि शेजारी ती गाडी करणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो होता.

"आ बधुं लई जा, सुकलाल," भूपेंद्रभाई म्हणाले. "साथे पेलुं रमकडुं पण. चालतुं नथी."

चालतुं नथी! रमकडुं म्हणजे खेळणं, आणि तेही न चालणारं! मला फार लागलं ते. पण सुकलालने मला उचललं, चाक बोटाने फिरवून कानाशी धरलं आणि म्हणाला, "चालीन." त्याच्या अहिराणीत, चालेल.

असा मी कोसाडच्या सरकारी आवासात आलो. एक खोली, एक स्वयंपाकघर. खोलीत सुकलाल, त्याची बायको मालतीबाई आणि मुलगी धनश्री. मालतीबाई घरीच साड्यांचं धागाकटिंग करायच्या, त्यामुळे सगळीकडे साड्यांचे ढीग आणि हवेत बारीक तूस. धनश्री तेव्हा सहावीत होती, मराठी शाळेत. इंग्रजी तिचं जेमतेम. तरी संध्याकाळी बापलेक मासिक उघडून बसायचे. ती शब्दकोशात एकेक शब्द शोधायची आणि तो चित्रावर बोट ठेवून अर्थ आधीच सांगायचा. फिटरच तो, यंत्राची भाषा त्याला वेगळी शिकावी लागली नाही.

मासिकात शेवटी वाचकांची पत्रं असत. इंग्लंडातला कुणी पेन्शनर पानभर लिहायचा की माझी गाडी बोगद्यातच का थांबते, आणि पुढच्या अंकात दहा जण त्याला उत्तर द्यायचे. हे ऐकून सुकलाल पोटभर हसला.

"यास्नी बी थांबस!" तो म्हणाला. यांचीही थांबते! त्याला त्या लोकांविषयी एकदम आपलेपणा वाटला असावा.

मग त्याने आपली रेल्वे मांडली. पॅकिंगची फळी, भंगारात मिळालेले रूळ, घरी बांधलेला ट्रान्सफॉर्मर. डोंगर केले कारखान्यातल्या सुताच्या चिंध्यांचे, आणि पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून ओळखीने आणलेल्या हिरव्या रंगात ते बुडवले. फळी ठेवायला जागा नव्हती, म्हणून कप्पी लावून ती छताला टांगली. रविवारी दोरी सोडली की सगळी रेल्वे खाटेवर उतरायची. मासिकातले डोंगर स्वित्झर्लंडचे होते, पण सुकलालने केली ती आपली ताप्ती लाइन. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर आणि शेवटी नंदुरबार. ह्याच लाइनीवरून सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याची पेटी घेऊन सुरतेला आला होता. लग्नानंतर मालतीबाईही ह्याच लाइनीने आल्या. रिटायर झालो की हिला घेऊन परत जायचं, असं त्याने तेव्हा ठरवलं होतं. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, घर पडलं, आणि परत जाण्यासारखं काही उरलं नाही. ह्याविषयी तो कधी बोलला नाही. फळीवर मात्र नंदुरबारच्या फलाटावर त्याने काडीची एक बाई उभी केली, आणि तिला नेसवली मालतीबाईंच्या लग्नातल्या फाटक्या शालूची हिरवी चिंधी.

"गाडी एकदा हात न लावता नंदुरबारले पोचू दे," तो धनश्रीला हळूच म्हणाला, "मंग तुन्या मायले दाखाडसू."

आईला दाखवायची, पण पोचल्यावर. अडखळती गाडी दाखवायची नाही. फिटरचा हट्ट होता तो. तोवर फळी उतरली की मालतीबाईंनी साड्या घेऊन स्वयंपाकघरात बसायचं, असं ठरून गेलं.

आणि मी पोचत नव्हतो.

सुरुवातीला छोट्या कुरबुरी होत्या. रुळाचे जोड सैल होते, ते त्याने डाग देऊन पक्के केले. डबे वळणावर घसरायचे, त्यांच्या पोटात छर्रे ठेवून ते जड केले. साड्यांचं तूस माझ्या आसात गुंडाळायचं, ते धनश्री सुईने काढायची. एकेक आजार बरा होत गेला आणि मीही उत्साहात होतो. त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी व्यारा ओलांडून नवापूरच्याही पुढे चार बोटं गेलो होतो. बापलेकीने एकमेकांना टाळी दिली होती.

मग दसरा आला.

धूळ लागू नये म्हणून सुकलाल मला देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवायचा. दसऱ्याला मालतीबाईंनी त्याचे पाने, स्क्रूड्रायव्हर, स्वतःची कात्री पाटावर मांडली आणि माझ्याकडे बघून मलाही पाटावर घेतलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आजवर मला कुणी हात जोडले नव्हते, मला संकोच वाटला. मग त्यांनी समईच्या तेलात बोट बुडवलं आणि माझ्या चाकांना लावलं.

ह्यात त्यांची काय चूक? लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्यानेच शिकवलेलं पहिलं वाक्य होतं: "तेल शे ते लूम शे, लूम शे ते घर शे." तेल आहे तर लूम, लूम आहे तर घर. आयुष्यभर त्यांच्या घरात तेलाच्या हातांनीच भाकरी आली. जे यंत्र आपल्या माणसाला इतकं प्रिय आहे त्याला तेल द्यायचं नाही, असं कसं होईल? त्या दिवसापासून रोज सकाळी पूजा झाली की देवाला फूल आणि मला तेलाचा थेंब. रविवारी तर न चुकता, कारण त्या दिवशी मला काम असायचं. आपल्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही असा सुकलालचा दंडक होता, म्हणून हे सारं चोरून. तो शनिवारी संध्याकाळी मला घासूनपुसून ठेवायचा आणि रविवारी तो भाजी आणायला गेला की बाई मला तेल लावायच्या.

तेल लागलं की वीज अडते. नवापूरला सांधा आहे, रूळ तिथे दुभंगतात आणि सगळ्या चाकांनी नीट पकड घ्यावी लागते. मी तिथवर कसाबसा यायचो आणि थांबायचो. खरं नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. सुकलालने फलाटावर तशी पिवळी रेघ मारली होती. त्या रेघेच्या अलीकडे मी बारा वर्षं थांबत आलो. दूर नंदुरबारला हिरव्या चिंधीतली बाई उभी असायची.

एकदा धनश्रीने वाचून दाखवलं की चाकावर तेलाचा अंश आला तरी गाडी थांबते, हाताचा तेलकटपणासुद्धा पुरतो. त्या दिवशी मालतीबाई शेजारी लग्नाचे पापड लाटायला गेल्या होत्या. त्या घरात असत्या तर तिथेच सगळं उलगडलं असतं. पापडांवर माझा तेव्हापासून राग आहे.

सुकलालने मासिक खाली ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. तीस वर्षं लूमचं तेल मुरलेले हात. नखांच्या कडा काळ्या, रेघा काळ्या.

"मना हातच तेलकट शेतस, धना," तो म्हणाला.

त्यानंतर मला हातात घेण्याआधी तो मोरीत बसून हात धुवायचा. आधी साबण, मग राख, मग कपड्याची पावडर. कातडी सोलवटायची. मी थांबलो की तो पुन्हा उठायचा आणि पुन्हा हात धुवायचा. मालतीबाईंना वाटायचं, कारखान्याची सवय आहे. पुढे त्याने रबरी हातमोजे आणले, तरी मी थांबलोच. "आतलंच तेल शे," तो म्हणाला, "बाहेर येत राहस."

मी देव्हाऱ्यात बसून दोघांना बघत होतो. एक जण हात धुतोय, एक जण तेल घालतंय, आणि दोघंही माझ्यासाठी. दहा बाय दहाच्या खोलीत माणसं वर्षानुवर्षं राहतात, एकमेकांच्या खोकल्यावरून दुखणं ओळखतात, आणि जीव कशात आहे तेवढं मात्र लपवून ठेवतात. मला जीभ असती तर एका वाक्यात काम झालं असतं. जर्मनांनी मला शिट्टीसुद्धा दिली नाही.

धनश्री शिकली. त्या मासिकांनीच तिचं इंग्रजी पक्कं झालं असं तिच्या बाई म्हणाल्या. ती पुण्याला नोकरीला गेली. रविवारी फोनवर ती विचारायची, "आबा, पोचली का?" आणि सुकलाल म्हणायचा, "नवापूरलोंग." नवापूरपर्यंत.

गेल्या पौषात एका मंगळवारी सुकलाल कारखान्यातून लवकर आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि रिक्षा येईपर्यंत गेला. मी देव्हाऱ्याखालून ऐकलं, बघवलं नाही. आदल्या रविवारचे त्याचे हातमोजे माझ्या शेजारी तसेच पडले होते.

घरात सुतक लागलं. देव झाकले, पूजा बंद झाली. तो गेला त्या जागी तेवढा एक दिवा तेवत होता. त्या पहिल्या दसऱ्यानंतर प्रथमच मला तेल मिळालं नाही, आणि त्या तेलाची मला आठवण येत राहिली. गावी घर उरलं नसल्यामुळे सगळं इथेच झालं. दहाव्याला तापीवर जाऊन आले. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, आदल्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले तेव्हा धनश्रीने मला हातात घेतलं. आबांनी शिकवलं होतं तसं उघडलं. स्पिरिटने एकेक चाक पुसलं. चिंधी पिवळी होत होती. ती थबकली, नाकाशी धरून तिने वास घेतला. लूमच्या तेलाला असा वास नसतो. तिने देव्हाऱ्यातल्या समईकडे बघितलं.

मग तिने दोरी सोडून फळी खाटेवर उतरवली, रूळ पुसले आणि मला उधन्याला ठेवलं. मालतीबाई भिंतीशी बसल्या होत्या. बटण दाबलं.

मी निघालो. बारडोली गेलं, व्यारा गेलं. सांध्यावर चाकं खडखडली. मी पिवळी रेघ ओलांडली आणि पुढे जातच राहिलो. सुताच्या डोंगरातून वळून मी नंदुरबारच्या फलाटाला लागलो तेव्हा धनश्री तोंडावर हात दाबून रडत होती.

मालतीबाई उठून जवळ आल्या. वाकून त्यांनी ती काडीची बाई बघितली. चिंधी बोटांत धरली आणि ओळखली.

"हाई कोन शे, धना?"

"तू शे, माय. आबानी करेल. गाडी पोचली का तुले दाखाडनार व्हतात."

मालतीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. किती वेळ त्या रडल्या ते मला सांगता येणार नाही. मग डोळे पुसून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी बी चोरीसन रोज एक थेंब तेल टाकू त्याले. तुन्या आबाले कधी सांगं नई. त्या तेलनंच पुण्य, म्हणून आज चालनी गाडी. नई का?"

त्या मुलीला तेव्हा सगळं समजलेलं होतं. तेल, बारा वर्षं आणि मोरीत बसून सोलवटलेले ते हात. पिवळी चिंधी अजून तिच्या मुठीत होती. तिने ती मूठ पदराआड नेली.

"हां, माय," ती म्हणाली. "तेलमुळेच चालनी."

दुसऱ्या दिवशी गंधमुक्ती झाली, देव उघडले. धनश्री पुण्याला जाताना स्पिरिटची बाटली बरोबर घेऊन गेली.

आता मी देव्हाऱ्यात नाही. फळी परत छताला गेली नाही, खाटेवरच असते, आणि मालतीबाई खाली निजतात. मी नंदुरबारच्या फलाटाला, हिरव्या चिंधीशेजारी उभा आहे. रोज पूजा झाली की बाई येतात, फूल ठेवतात, आणि बोट बुडवून माझ्या चाकांना तेल लावतात. तेल आता रुळावर ओघळलंय आणि त्यात साड्यांचं तूस चिकटलंय. मी पुन्हा कधी चालणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमच्यापैकी कुणी जाणकार कधी ह्या घरी आलाच, तर त्याला माझं एक मागणं आहे. माझी चाकं बघून तुम्हाला चटकन कळेल की बिघाड कशाचा आहे. सांगू नका. खिशातला रुमाल काढून पुसायलाही जाऊ नका. मालतीबाई चहा ठेवतील, तो घ्या. गाडी का चालत नाही असं त्यांनी विचारलं, तर म्हणा, पोचली ना आता, आणखी कुठे जायचंय?

आज सकाळचा थेंब अजून ओला आहे.